ढोल कधी चुकत नाही

आमच्या बँडमध्ये एकच कायदा आहे. ढोल चुकत नाही, चुकतात ते बाकीचे. हा कायदा माझ्या वडिलांनी केला. बँड त्यांनीच काढला होता आणि ढोलही तेच वाजवायचे, तेव्हा कायदा कोणाच्या सोयीचा होता हे वेगळं सांगायला नको. पण कायदा शहाणपणाचा होता. रस्त्यातून चालत वाजवायचं म्हणजे समोरून गाडी येते, मध्येच कुत्रं घुसतं, कोणाचा तरी काका वाट अडवून नाचायला लागतो. अशा वेळी ज्याने त्याने आपलं डोकं चालवलं तर बँडची भाजी मंडई होते. म्हणून सगळ्यांनी कान ढोलाकडे ठेवायचे. ढोल सांगेल तेव्हा पाऊल, ढोल सांगेल तेव्हा श्वास.

वडिलांच्या मागे ढोल आमच्या ह्यांच्या गळ्यात आला. मी त्याआधीच आले होते. मी झांजा वाजवते. माझा दादा ट्रम्पेट वाजवतो आणि बँडचा मास्तरही तोच आहे. क्लॅरिनेटवर एक उंच, बारीक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही लांब्या म्हणतो. आणखी पाचसहा जण आहेत, पण बँडमध्ये भांडायला लागतात तेवढे आम्ही चौघे पुरेसे होतो. आमचं दुकान रस्त्याला लागून आहे. पुढच्या खोलीत भिंतीवर वाद्यं टांगलेली, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल, खुंट्यांवर लाल कोट, आणि पितळ घासायच्या पॉलिशचा वास. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो.

झांजवाली ढोलाच्या अगदी शेजारी चालते. टोला आणि झांज एकाच क्षणी पडायला लागतात. त्यामुळे ह्यांच्या पाठीचं दुखणं ह्यांच्याइतकंच मला ठाऊक होतं. इतकी वर्षं तो अवजड ढोल पोटावर घेऊन मागे रेलत चाललं की पाठ किती दिवस ऐकून घेणार? मणक्यांमधल्या गाद्या झिजल्या. ऑपरेशन करून बरं वाटेलच असं कोणी छातीठोक सांगेना. हे जेवायला तिरके बसायचे. खुर्चीत बसून झोपायचे. शिंक येणार असं वाटलं की टेबलाची कड धरून उभे राहायचे आणि चेहरा असा करायचे की बघणाऱ्याला घाम फुटावा. मोजे मी घालून द्यायचे. जन्मात कोणापुढे पाय न करणारा माणूस माझ्यापुढे पाय करून भिंतीकडे बघत बसायचा. आणि तोंड? माणूस होता की 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावलेलं फाटक होतं, देव जाणे. दुखणाऱ्या माणसाचा राग येतो आणि आल्याबरोबर आपलीच लाज वाटते. असे आमचे दिवस चालले होते.

मग डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी दिली. पांढरी, लांबट, मधोमध रेघ असलेली. "जोरदार आहे," त्या म्हणाल्या, "सांगितली तेवढीच घ्यायची." आम्ही दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोटांना इस्त्री करत होते. मागच्या खोलीतून हाक आली, "अगं, इकडे ये, लवकर ये!" धावत गेले तर हे पलंगावर बसलेले, आणि दोन्ही पायांत मोजे. स्वतः घातलेले. एक उलटा होता, पण स्वतः घातलेला होता. आम्ही दोघं त्या मोज्यांकडे बघत राहिलो. मग हे हसले आणि मी रडले. ती गोळी शोधून काढणारा माणूस त्या क्षणी समोर असता तर मी त्याची दृष्ट काढली असती. इकडे इस्त्रीखाली दादाच्या कोटाला भोक पडलं, त्याचंही कोणाला काही वाटलं नाही.

घरात माणूस परत आला. शीळ वाजवायला लागला, लेकीच्या पोराला खांद्यावर घ्यायला लागला, रात्री आडवा होऊन घोरायला लागला. ते घोरणं मला अंगाईसारखं वाटायचं. म्हणून मोठा कार्यक्रम असला की हे म्हणायचे, "आज एक जास्त घेतो," आणि मी म्हणायचे, "घ्या." मग कार्यक्रम छोटा असला तरी एक जास्त. मग कार्यक्रम नसला तरी. औषधाच्या दुकानातला मनुष्य ओळखीचा. तो पाकीट काढून देताना पाठीची चौकशी करायचा, बाकी काही विचारायचा नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. दादा जेवताना विनोद करतो. बरे असतात, आम्ही हसतो. हेही हसायचे, पण आमचं हसून होऊन भाकरीचा पुढचा तुकडा मोडून झाल्यावर. मनात म्हटलं, उशिरा का होईना, हसतोय ना माणूस! हसण्याला काय गाडी पकडायची आहे?

त्याच सुमारास बँडमध्ये रोगाची साथ आली. म्हणजे आम्हाला तरी तसंच वाटलं. आधी दादाची छाती गेली. लांब सूर धरता धरता त्याचा चेहरा वांग्यासारखा व्हायचा आणि सूर संपायच्या आत दम संपायचा. त्याने छातीचा फोटो काढून घेतला. फोटो स्वच्छ आला, तरी तो आल्याचे तुकडे चघळत सगळ्यांशी निरवानिरवीचं बोलायला लागला. लांब्याच्या पोटऱ्या भरून यायला लागल्या. त्याने आधी बूट बदलले आणि मग तेल बदललं. माझे खांदे दुखायला लागले. झांजा वर उचलल्यावर खाली यायच्या आधी हात हवेत थरथरायचे. माझं रक्त कमी असल्याचं निदान झालं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दुकानाच्या खिडकीत एवढ्या बाटल्या जमल्या की एक बाई खोकल्याचं औषध मागायला आत आली.

खरं कारण एकाच्याही मनात आलं नाही. येणार कसं? ढोल चुकत नाही.

मग शाळेच्या क्रीडादिनाचं बोलावणं आलं. दरवर्षी येतं. मैदानावर चुन्याच्या रेघा, शामियान्याखाली खुर्च्या, व्यासपीठावर पाहुणे, आणि बँडच्या तालावर एकेका वर्गाचं संचलन. ह्यांनी सकाळी "आज मोठा कार्यक्रम" म्हणून दोन जास्त घेतल्या. आम्ही सुरू केलं. मोठ्या मुलांचे वर्ग कसेबसे निभावले. व्यासपीठावर पाहुणे सलामीचा हात कपाळाला लावून उभे होते. वर्ग समोरून जाईपर्यंत हात खाली घेता येत नाही, आणि वर्ग काही केल्या जाईना. त्यांनी हळूच डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू दिला.

शेवटी सगळ्यात लहान वर्ग आला. ही पोरं म्हणजे अक्षरशः आज्ञाधारक. ढोल वाजला की पाय टाकायचा, असं त्यांना शिकवलेलं. त्यांनी पाय उचलले आणि ढोलाची वाट बघत राहिली. एका पायावर. एक डुलली, तिने शेजारच्याला धरलं, त्याने पुढच्याला, आणि अख्खी रांग कुशीवर झाली. मागच्या रांगेने पुढच्यांचं काय झालं हे न बघता पाय उचलला आणि तीही वाट बघत राहिली.

पीटीच्या बाई शिट्टी तोंडात तशीच ठेवून धावत आल्या. "अहो बँडवाले! पोरांचे पाय हवेत आहेत!"

मी शेजारी पाहिलं. हे अर्धवट डोळे मिटून मंद हसत होते. चेहऱ्यावर दुखण्याची एक रेघ नव्हती. दुसरंही काही नव्हतं. मी कोपर मारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण बघायला जरा वेळच लागला. इतके दिवस मी माणूस परत आला, परत आला म्हणत होते. तो शेजारी उभा होता आणि तिथे नव्हता.

संचलन झाल्यावर पीटीच्या बाईंनी आम्हाला झाडाखाली गाठलं. आमची काही चूक नाही, पोरं वाकडी पडली, असं दादा ठासून सांगत होता. बाईंनी मोबाइल काढला आणि गेल्या वर्षीचं संचलन लावलं. तीच धून, तेच आम्ही. पण ती धून उड्या मारत चालली होती. आम्ही माना खाली घालून ऐकत राहिलो.

सगळ्यात आधी दादा बोलला. "म्हणजे," तो हळूच म्हणाला, "माझ्या छातीला काही झालेलं नाही?"

"आणि माझ्या पोटऱ्या?" लांब्या म्हणाला.

"आणि माझं रक्त?" मी म्हटलं.

एक क्षण आम्हाला इतका आनंद झाला की विचारू नका. दादाने लांब्याला मिठी मारली. दिवसेंदिवस ढोल कणाकणाने हळू होत गेला होता, त्याच्यामागे आम्ही हळू होत गेलो होतो, आणि एका माणसाच्या गोळीपायी सगळा बँड गोळ्या खात होता! आम्ही हसत सुटलो. मग एकेकाच्या लक्षात आलं की हे हसत नाहीयेत. ह्यांनी ढोल उतरवून गवतावर ठेवला होता आणि काठी त्याच्यावर आडवी.

"वर्षअखेरीला बक्षीस समारंभ आहे," पीटीच्या बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. "तेव्हा पुन्हा संचलन आहे. जमणार असेल तर या. नाहीतर मी रेकॉर्ड लावीन."

बाई गेल्यावर दादा ह्यांच्यापुढे उभा राहिला. "दाजी, ढोल चुकत नाही. ढोलवाला चुकत असेल तर तो बदलावा लागतो. वर्षअखेरीपर्यंत बघू."

मीच दादाला वाटेल ते बोलले. त्यातला एकही शब्द इथे लिहिण्यासारखा नाही, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं म्हणूनच मला ते बोलावं लागलं. गोळी घेतली तर ढोल जातो, सोडली तर पाठ. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी आमची गत झाली. ढोल गेला तर ह्यांच्याजवळ काय राहणार होतं, हे मला माहीत होतं. इस्त्रीचं टेबल आणि मी. दोन्ही ह्यांना पुरणार नव्हतं.

घरी आल्या आल्या ह्यांनी सगळी पाकिटं रिकामी करून गोळ्या संडासात ओतल्या आणि साखळी ओढली. "आजपासून बंद. विषय संपला."

विषय कुठला संपतोय! दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या. जांभईवर जांभई, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मला वाटलं सर्दी. मग घाम, आणि घामातच अंगावर काटा. पाय तर आपोआप झाडायचे, पलंग कुरकुरायचा. पोट बिघडलं. आणि पाठ, जिला इतके दिवस कोणी बोलू दिलं नव्हतं, तिने सगळी थकबाकी एकदम वसूल केली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तरी संध्याकाळी तालमीला उभे राहिले. दादा म्हणाला, "राहू द्या आज." हे म्हणाले, "वाजवा." आणि ढोल सुटला. दुखणारा माणूस काय करतो? लवकर संपवू बघतो. टोल्यावर टोला, टोल्यावर टोला. कायदा तो कायदा, आम्ही मागे धावलो. लांब्याची बोटं एकमेकांत अडकली. संथ प्रार्थनेची धून अशी निघाली की जणू देवाची गाडी चुकतेय. शेवटचा सूर संपवून दादा खुर्चीत कोसळला आणि म्हणाला, "छाती बरी होती. आता गेली."

कोणी हसलं नाही. हे फरशीवर बसले होते, लाल कोट घामाने काळा पडलेला, दात वाजत होते. मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "एकदम बंद करायला कोणी सांगितलं?"

"माझ्या मनाने केलं," हे म्हणाले.

"आणि वाढवल्या कोणी?"

"त्याही मनाने."

"मग मनालाच फी द्यायची होती. माझ्याकडे कशाला आलात?"

हे ओशाळून हसले. मग एकदम गंभीर झाले. "बाई, खरं सांगा. मी व्यसनी झालो का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "शरीराला सवय झालीय. ती कोणालाही होते, त्यात गुन्हा नाही. म्हणूनच ती एकदम तोडायची नसते. पण एक मला सांगा, आणि मनापासून सांगा. पाठ दुखत नसतानाही घेत होतात?"

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, मी बघितलं तर हे खोटं बोलतील.

"घेत होतो," हे म्हणाले. "दुखत नसताना पण. बरं वाटायचं. सगळं जरा लांब जायचं."

"बोललात ते बरं केलंत," बाई म्हणाल्या. "अर्धं काम झालं." मग त्यांनी समजावलं. गोळी सुरू करायची, पण मोजून, आणि हळूहळू उतरवत न्यायची. पूर्ण सुटेल की थोडी राहील ते पुढे बघू. थोडी राहिली तरी आकाश कोसळत नाही. गोळ्या माझ्या ताब्यात राहतील, वेळेवर मिळतील, वेळेआधी नाही. औषधाच्या दुकानाला बाई स्वतः फोन करतील. रोजचा व्यायाम, तोही कंटाळा न करता.

"आणि दुखणं?" मी विचारलं.

"ते थोडं राहणार. दुखणं शून्य करून देईन असं मी नाही म्हणणार. शून्य करायला गेलात म्हणून तर इथवर आलात. किती दुखलं तर चालेल, ते तुम्ही सांगा."

हे विचारात पडले. "मोजे स्वतः घालता आले पाहिजेत," ते म्हणाले, "आणि ढोल वाजवता आला पाहिजे. मग दुखेना का."

"ढोल वाजवा की! गळ्यात कशाला अडकवता? तो अंगावरून उतरवा, गोळी आपोआप उतरेल."

हे ऐकल्यावर ह्यांचा चेहरा असा झाला, जणू बाईंनी चारचौघांत पायजमा उतरवायला सांगितला. ढोल अंगावरून उतरवायचा? वडिलांनी शेवटपर्यंत उचलला होता. ढोलवाला ढोल उचलतो म्हणून तर तो ढोलवाला!

तोड आमच्या लेकीने काढली. तिचं पोर आता चालायला सोडून पळायला लागलं होतं, त्यामुळे बाबागाडी जिन्याखाली धूळ खात पडलेली. ती गाडी तिने दुकानात आणून उभी केली. "बाबा, माप घेऊन आलेय. ढोल बसतो."

"माझ्या हयातीत ढोल बाबागाडीत बसणार नाही."

"मग तुम्ही बसा," मी म्हटलं, "ढोल मी उचलते."

लेक तोंडावर हात ठेवून आत पळाली. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर हे स्टुलावर बसून गाडीच्या चाकांना तेल देत होते. "कुरकुरत होतं," म्हणाले, "घरात कुरकुर नको." मग टप काढला, दांडा उंच करून घेतला, गाडीला कोटासारखा लाल रंग दिला आणि कडेला सोनेरी पट्टी. डाव्या हाताने ढकलायचं, उजव्या हाताने वाजवायचं. लांब्या म्हणाला, "दाजी, मुलगा तुमच्यावर गेलाय, गोल आहे." दाजी काठी घेऊन त्याच्या मागे लागले.

ते महिने सोपे नव्हते. गोळी थोडी खाली आली की दोनचार दिवस घरात कोणी मोठ्याने दार लावायचं नाही. हे व्यायामाला जमिनीवर पडायचे आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एकदा वेळेआधी हात पुढे केला. मी "नाही" म्हटलं. "तू बायको आहेस की जेलर?" म्हणाले. मी म्हटलं, "जेलरला सुट्टी असते." मी मागे वळून भांडी घासत राहिले आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं. माझं माणूस दुखण्याने कळवळतंय आणि औषध माझ्या कमरेच्या बटव्यात, ह्याच्यासारखी शिक्षा नाही. द्यावीशी वाटायची. रोज वाटायची. थोड्या वेळाने हे स्वतःच आले आणि भांडी पुसायला लागले.

आणि मग तो उताराचा दिवस. तालीम म्हणून आम्ही सगळे कोट घालून रस्त्यावर निघालो होतो. दुकानापासून पुढे रस्ता उतरतो. हे वाजवण्यात गुंग झाले, डावा हात सुटला, आणि गाडी निघाली. ढोल पुढे, हे काठी घेऊन त्याच्या मागे. जवळ पोचले की एक टोला मारायचे, तेवढ्यात गाडी आणखी पुढे. इकडे दादाने काय करावं? त्याला कायदा आठवला. ढोल पुढे गेला तर बँडने मागे जायचं. अख्खा बँड वाजवत पळत सुटला. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने कोबीच्या ढिगाऱ्यासमोर पाय रोवून गाडी अडवली आणि ढोलाकडे बघून म्हणाली, "कोणावर गेलंय हो हे?"

आमच्यापैकी कोणाला काही सुचायच्या आत हे हसले. सगळ्यांच्या आधी. पाठीला हात लावून, वाकून, "आई गं, आई गं" म्हणत हसले. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं किती आणि दुखण्याचं किती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला हा माणूस ओळखीचा वाटला. ह्याच्याशीच मी लग्न केलं होतं.

वर्षअखेर आली. मैदान तेच, चुन्याच्या रेघा नव्या. पाहुणे कोणी दुसरे होते. पहिले परत आले नाहीत, ह्यात नवल ते काय! ह्यांनी सकाळी सांगितलेली तेवढीच, अर्धी, घेतली होती. दुसरी अर्धी संचलनानंतरची, ती माझ्या कोटाच्या खिशात. पीटीच्या बाईंच्या हातात शिट्टी होती आणि टेबलावर रेकॉर्डची सोयही तयार होती. ती बघून ह्यांनी नुसती मान हलवली.

ढोल सुरू झाला. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी लांब्याकडे. लय बरोबर होती. एक वर्ग गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या वेळी ह्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. मला ती शीर पाठ आहे. गाडीचा दांडा धरलेली बोटं पांढरी पडली.

"दुखतंय?" मी झांजेआडून विचारलं.

"मरणाचं."

"देऊ?"

माझा हात खिशाकडे गेलाही होता. मी दिली असती. डॉक्टरीणबाई गेल्या खड्ड्यात म्हणून दिली असती.

"वेळ झालेली नाही," हे म्हणाले. टोला तसूभर हलला नाही, ना पुढे ना मागे. "अगं, ती पोरं बघ. पोरं बघ!"

लहान वर्ग येत होता. जीभ दातांत धरून, डोळे वटारून, एकेक पाऊल जमिनीवर नेमकं ठेवत. मी पोरांकडे बघितलं आणि मग ह्यांच्या चेहऱ्यावर. तिथे दुखणं होतं, अगदी उघड होतं, आणि त्याच्या शेजारीच एवढं मोठं हसू होतं. मला वाटलं होतं, ह्या दोघांतलं एकच मिळतं. मी बघतच राहिले. झांजा वर होत्या आणि खाली यायचा क्षण येऊन गेला.

"अगं ए! झांज!" हे ओरडले.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा चुकले होते, आणि इतकी खूश होते की पुढची झांजही चुकली.

संचलन संपलं. पीटीच्या बाईंनी रेकॉर्डचं सामान पिशवीत भरलं आणि पुढच्या वर्षाची तारीख सांगून गेल्या. मी खिशातली अर्धी गोळी ह्यांना दिली आणि पाण्याची बाटली दिली. सगळ्यांदेखत. ह्यांनी गोळी तोंडात टाकली, तेवढ्यात दादा समोर येऊन उभा राहिला. ट्रम्पेट काखेत, चेहरा गंभीर.

"दाजी, ढोल तुमचाच," तो म्हणाला. "झांजवालीचं काय करायचं ते बघावं लागेल."

ह्यांना हसू फुटलं. ठसका लागला, पाणी नाकातून आलं आणि गोळी उडून गवतात गेली. पाठ तर ठणकत होतीच. घरातली आणायची तर घर दूर, आणि ती उद्याच्या वाटणीची. मग काय, लाल कोटातला सगळा बँड गुडघ्यांवर बसला आणि गवत चाचपायला लागला. लांब्या, बघायला आलेली लेक, मी, हातातलं काम टाकून परत आलेल्या पीटीच्या बाईसुद्धा. हे गाडीच्या दांड्याला टेकून, पाठ धरून, आम्हाला हसत उभे.

सापडली दादाला. त्याने ती कोटाच्या बाहीला नीट पुसली आणि स्वतःच्या हाताने ह्यांना दिली.